माझ्या बहिणीच्या पालकत्वाचे दोन अर्ज

माझ्या धाकट्या बहिणीला ऐकू येत नाही. पाळण्यात असताना आलेल्या तापात कान गेले, त्यामुळे बोलणेही आले नाही. ती शाळेत गेली नाही. तिचे लग्न झाले नाही. वडिलांच्या पश्चात जमिनीचे तीन हिस्से पडले: थोरल्या भावाचा, माझा आणि तिचा. तिच्या वाट्याला रस्त्यालगतची बांधी आली. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, मातीचे बांध, घातलेले धानाचे शेत. आमच्या करडी गावच्या शिवारात शेताला याच नावाने ओळखतात.

थोरला भाऊ वारला. त्यानंतर त्याच्या मुलाने भंडाऱ्याच्या सरकारी कचेरीत एक अर्ज दिला. आत्या मुकी व बहिरी असून तिला व्यवहाराची समज नाही, सबब तिचा पालक म्हणून मला नेमावे, असा त्याचा मजकूर होता. मी हरकत घेतली आणि दुसरा अर्ज दिला. पालक नेमायचाच असेल तर मला नेमावे, असे मी लिहिले. या दोन अर्जांचे काय झाले ते गावात निरनिराळ्या प्रकारे सांगतात. मी समोर होतो. मी पाहिले तेवढे लिहितो.

पुतण्याचा हेतू उघड होता. रस्त्यालगतची ती बांधी एका राईस मिलवाल्याला हवी होती. पुतण्याने आधी जवळचा मार्ग धरला. बहिणीला मोटारसायकलवर बसवून त्याने निबंधक कार्यालयात नेले. हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला की बांधी त्याची झाली असती. आमच्या घरात तिचा अंगठा घेण्याची एक ठरलेली रीत होती. रेशनच्या दुकानात, बँकेत, निराधार योजनेच्या कामात, जो कोणी सोबत असेल त्याने तिचे मनगट धरायचे आणि अंगठा यंत्रावर टेकवायचा. कशासाठी, हे तिला कोणी दाखवीत नसे. तीही मान दुसरीकडे वळवून उभी राहत असे. निबंधक कार्यालयात मात्र टेबलामागच्या माणसाने पुतण्याला अडवले. यांना कळले आहे काय, असे त्याने विचारले. पुतण्या म्हणाला, हो, कळले. तो म्हणाला, तुम्हाला कळले, ते दिसते आहे. मी यांचे विचारतो. तेथे काम थांबले. त्यानंतर पालकत्वाचा अर्ज निघाला.

माझाही हेतू लिहितो. जवाहरनगरच्या कारखान्यात माझी नोकरी झाली. निवृत्त होऊन क्वार्टर सोडले आणि गावी आलो, तेव्हापासून तिची बांधी मीच करीत होतो. पीक निघाले की तिचे धान तिच्या खोलीत पोहोचते करीत होतो. ती राहत होती थोरल्याच्या घरात, मागच्या खोलीत. माझे घर त्याच्या समोर आहे. जमीन तिच्या नावावर राहावी अशी माझी इच्छा होती. ती राखायला कोणीतरी कर्ता पुरुष कागदावर असला पाहिजे, असे माझे मत होते.

माझा अर्ज दाखल झाल्याचे कळताच पुतण्या आला. चप्पल न काढता ओसरीवर चढला.

“काकाजी, तुमी काहून मधात येऊन राहिले?”

“बांधी माह्या बहिणीची आहे.”

“मंग मी का चोर आहो? माही आत्या नाही का ते? माह्या घरात खाते, माह्या घरात झोपते. तुमी फॅक्टरीच्या क्वार्टरात पंख्याखाली झोपत होते, तवा नाही आठवली बहीण?”

“तिले समज नाही असं तू लिहून देल्लं.”

“नाहीच. तुमी सांगा बरं तिले, रजिस्ट्री म्हंजे काय. बोंबलून सांगा. पोचते का पाहा.”

“तिले समजते. तुले समजत नाही.”

“हाव ना, तुमाले तर सारंच समजते. तिले समजते म्हणता, मंग तिले पालक कायले पायजे? तुमी बी तोच अर्ज टाकला का नाही?”

मी त्याला खाली उतरायला सांगितले. तो उतरला. समोरच्या दारात बहीण उभी होती. आमची तोंडे हलताना ती पाहत होती. तिच्याकडे हात करून तो म्हणाला, “पाहा, फुकटचा तमाशा पाहून राहिली.” आणि गेला.

त्या सुमारास नागपूरहून एक वकीलबाई आल्या. अपंग स्त्रियांना कायद्याची मदत देणाऱ्या एका संस्थेचे काम त्या करीत. निबंधक कार्यालयातल्याच कोणीतरी त्यांच्या कानावर हे प्रकरण घातले होते. त्यांच्या एका पायाला कॅलिपर होते, हातात कुबडी होती. ओसरीची पायरी चढताना मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. मला त्या आवडल्या नाहीत. नंतरही आवडल्या नाहीत.

त्या माझ्या बाजूने उभ्या राहतील अशी माझी समजूत होती. पाण्याचा पेला खाली ठेवून त्यांनी सांगितले, “दोन्ही अर्ज फेटाळावेत असं आम्ही मांडणार आहोत.”

“माझाही?”

“तुमचाही.”

“मी तिचे वाईट करणार आहे काय?”

“तसं मी म्हटलं नाही. चांगलं करायचं असेल तर ते पालक न होताही करता येतं.”

मग त्यांनी मला कायदा सांगितला. अपंग माणसांच्या हक्कांचा एक करार जगातल्या देशांनी मिळून केला आहे आणि आपल्या देशाने तो मान्य केला आहे. कायद्यासमोर अपंग माणूस इतरांच्या बरोबरीचा आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याला निर्णय घ्यायला मदत लागत असेल तर मदत द्यावी. निर्णयच त्याच्याकडून काढून घेऊ नये. आपल्याकडच्या कायद्यातही हे आले आहे. त्या सावकाश आणि स्पष्ट बोलत होत्या. मला कमी ऐकू येते असे त्यांना वाटले असावे.

मी म्हणालो, “ज्यांनी हा करार लिहिला त्यांनी आमचा चिखल पाहिलेला नाही.”

“ज्यांनी लिहिला त्यांच्यात बहिरी माणसं होती, आंधळी होती, चाकाच्या खुर्चीत बसणारी होती. तुमच्या अर्जात मात्र तुमच्या बहिणीचं एकही म्हणणं नाही.”

“तिला बोलता येत नाही.”

“म्हणणं नाही, असं मी म्हटलं. बोलणं नाही, असं नाही.”

मी त्यांना चहा विचारला नाही. करडीत घरी आलेल्या माणसाला चहा न विचारणे म्हणजे जा म्हणणे. त्या नागपूरच्या होत्या. त्यांना ते कळले आणि तरी त्या बसून राहिल्या.

पहिल्या सुनावणीला वकीलबाईंनी खुणांची भाषा शिकलेली एक दुभाषी मुलगी नागपूरहून आणली. भंडाऱ्याच्या त्या कचेरीत अधिकाऱ्यासमोर बहीण उभी राहिली. दुभाषी मुलीने हात चालवले. बोटे फार सफाईने चालत होती. बहीण त्या हातांकडे पाहत राहिली, एखादा कारागीर टोपली विणताना पाहावे तशी. मग तिने माझ्याकडे पाहिले, पुतण्याकडे पाहिले आणि हसली.

अधिकाऱ्यांनी विचारले, “यांना काही समजतं आहे का?”

पुतण्या उठलाच. “साहेब, तेच तर मी लिहून देल्लं.”

दुभाषी मुलगी खरे बोलली. “ही भाषा त्यांना कधी शिकवलीच गेली नाही, सर. माझ्या खुणा त्यांना परक्या आहेत.”

मी म्हणालो, मी तिला सांगू शकतो. साठ वर्षे मी तिला ओळखतो. अधिकाऱ्यांनी मला बसवले. “तुम्ही स्वतः अर्जदार आहात. ज्याला पालक व्हायचं आहे त्याच्या तोंडून यांचं म्हणणं मी कसं ऐकू?” तर्क बरोबर होता. मला राग आला. पुढची तारीख पडली.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी मला गाठले. घरात बहिणीशी कोणत्या खुणांनी बोलता, ते दाखवा म्हणाल्या. मी दाखवले. ये. जा. थांब. जेव. पाणी आण. गुरे आली. पुरे. दुभाषी मुलगी प्रत्येक खूण स्वतःच्या हाताने करून पाहत होती.

“आणि विचारायची?” तिने विचारले.

“काय विचारायची?”

“प्रश्नाची खूण, काकाजी. हवं का, आवडलं का, कुठं दुखतं, कोण आलं होतं. तुमच्या घरात ती कशी करतात?”

मी आठवून पाहिले. तशी खूण आमच्या घरात नव्हती. ती कोणाला लागली नव्हती. मी त्यांना तसे सांगितले. वकीलबाईंनी कुबडीवर भार देऊन ते वहीत लिहून घेतले. मी म्हणालो, “त्या घरात कोणीच कोणाला विचारत नसे. वडिलांनी माझे लग्न ठरवले तेव्हा मलाही विचारले नव्हते.”

“तुम्हाला ‘नाही’ म्हणता येत होतं,” वकीलबाई म्हणाल्या.

“येत नव्हते,” मी म्हणालो, आणि बस धरायला निघालो.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. एक परदेशी बाई येणार आहेत, तुमच्याकडे खोली मिळेल काय? जिनिव्हाला त्या कराराची एक समिती बसते. कोणत्या देशात अपंग स्त्रियांना कसे वागवतात याचे अहवाल तिच्यापुढे ठेवतात. त्या अहवालासाठी ही बाई गावोगाव फिरत होती. मी विचारले, तिच्याशी बोलायचे कोणत्या भाषेत? वकीलबाई म्हणाल्या, “त्यांनाही ऐकू येत नाही.” ही थट्टा आहे असे मला क्षणभर वाटले.

मी म्हणालो, “आमच्या घराची अब्रू तुम्ही जिनिव्हाच्या वेशीवर टांगणार.”

“अहवालात कोणाचं नाव नसतं, गावाचंही नसतं. आणि अब्रू तुमच्या बहिणीचीही आहे. ती टांगायची की नाही, हे त्यांना ठरवू द्या.”

दाराशी आलेल्याला परत पाठवायचे नाही, म्हणून मी खोली दिली. बाई पन्नाशीची, उंच, उन्हाने लाल झालेली होती. दुभाषी मुलगी तिच्यासोबत होती; देशोदेशीचे बहिरे लोक एकत्र आले की ज्या खुणा वापरतात, त्या तिलाही येत होत्या. आल्या दिवशीच परदेशी बाईने माझ्या बहिणीला पाहिले आणि दोघी अंगणात समोरासमोर बसल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. बहिणीला तर कोणतीच भाषा शिकवली गेली नव्हती. तरी त्या उठल्या नाहीत. परदेशी बाई तोंडाने, खांद्याने, भुवयांनी बोलत होती. काडी घेऊन मातीत काढून दाखवत होती. बहिणीने तिच्या हातातली काडी घेतली आणि स्वतः काढू लागली. मी ओसरीवर बसून होतो. मला ते चित्र कशाचे ते दिसले नाही. मी उठून पाहायला गेलो नाही.

रोवणीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी बहीण बाईला बांधीवर घेऊन गेली. बायकांची रांग वाकून पऱ्हे, धानाची रोपे, लावत होती. त्या वर्षी बांधीची रोवणी मीच लावली होती, म्हणून मी धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होतो. परदेशी बाई पँट दुमडून चिखलात उतरली आणि चार पावलांवर बसली. रांग हसून मोडली.

“अवो, मेमसाहेब पाटावर बसल्या! जेवाले वाढा!”

“पऱ्हं रोवून राहिली का गाडून राहिली वो? मुंडकं तरी वर ठेव त्याचं!” हे बोलणारी आमची शेजारीण. ती विधवा आहे, दुसऱ्याच्या बांध्यांत रोजीने जाते, आणि तिची जीभ कोणाला राखत नाही. तिने माझ्याकडेही वळून म्हटले, “तुमी बी उतरा ना भाऊजी. छत्रीखाली धान नाही पिकत.”

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. बहीण हसत होती. तिच्या हसण्याला आवाज आहे. तो मोठा आणि खरखरीत आहे. लहानपणी पाहुणे आले की आई तिला मागच्या खोलीत बसवी, ते या आवाजामुळे.

बाईने गळ्यातला कॅमेरा बहिणीकडे वळवला. मी खाली उतरून मना करणार होतो. त्याआधीच बहिणीने चिखलाचा हात भिंगावर ठेवला. बाईने कॅमेरा पुसला आणि पिशवीत घातला. नंतर तिने फक्त बांधीचा फोटो काढला, आणि तोही बहिणीने मान हलवल्यावर.

तेथे त्या दोघींनी प्रश्नाची खूण ठरवली. तळहात उताणा करायचा आणि हनुवटी वर करायची. बहिणीला ती एकदा हाती लागल्यावर तिने थांबायचे नाव घेतले नाही. शेजारणीला विचारले, दुभाषी मुलीला विचारले, रस्त्याने चाललेल्या दूधवाल्याला थांबवून विचारले. काय विचारते आहे ते त्याला कळले नाही. तो दूध देऊन गेला. मग ती धुऱ्यावर माझ्यासमोर आली. तिने बांधीकडे हात केला, माझ्या छातीला बोट लावले आणि तळहात उताणा केला.

मी जेवायची खूण केली. घरी जा, अशीही केली.

तिने पुन्हा तेच विचारले. बांधी, मी, उताणा तळहात.

दुभाषी मुलगी पाहत होती. “काकाजी, त्या विचारतात...”

“मला कळले,” मी म्हणालो आणि छत्री मिटून घरी आलो.

परदेशी बाई जेमतेम आठवडाभर राहिली. जाताना तिने मला फोनवर काही लिहून दाखवले. इंग्रजी मला कारखान्याच्या कामापुरते येते. खोलीबद्दल आभार होते, आणि दुसऱ्या सुनावणीला मी येईन, असे होते. मी फोन परत दिला.

सुनावणी जवळ आली तसा पुतण्या गोड झाला. आमच्याकडे बहिणी बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडतात. भाऊ किंवा भाचे त्यांना लुगडे-चोळी करतात, जेवू घालतात, आणि मग बहीण अंगठा देते. लुगडे नेसली म्हणजे सोडले, हे सांगावे लागत नाही. माझ्या आत्यांनी असेच सोडले. माझ्या पत्नीने तिच्या माहेरी असेच सोडले. पुतण्याने मोहाडीच्या दुकानातून चांगले जरीकाठी पातळ आणले, चोळीचे कापड आणले, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी घरातल्या बायकांकडून बहिणीची ओटी भरवली.

सकाळी ती ते पातळ नेसून बाहेर आली. हिरवे होते. नीट चापून नेसली होती. पुतण्याने ओसरीवर मला ऐकू येईल अशा बेताने म्हटले, “झालं काकाजी. आता कायचा अर्ज?”

मलाही तेच वाटले. बसथांब्यावर बायका तिच्याकडे पाहून एकमेकींना कोपर मारीत होत्या. शेजारीण सोबत आली होती. ती तोंड घट्ट मिटून उभी होती. कचेरीत वकीलबाईंना मी सांगितले की आता काही बोलण्यात अर्थ नाही, तिने पातळ नेसले आहे.

“म्हणजे?”

मी रीत सांगितली. वकीलबाईंचा चेहरा पडला. ते पाहून मला समाधान वाटले नाही.

सुनावणी अशी झाली. बहिणीच्या समोर परदेशी बाई बसली, बाजूला दुभाषी मुलगी. अधिकारी प्रश्न विचारत. दुभाषी तो बाईला खुणांनी सांगे, बाई बहिणीला करून दाखवी, आणि उत्तर त्याच वाटेने उलट येई. पुतण्याने लगेच हरकत घेतली. “साहेब, ही बाहेरची बाई. इनंच शिकवून ठेवलं असन.”

अधिकाऱ्यांनी ती हरकत मनावर घेतली. कोणी पढवून ठेवले नसेल असे काही ते विचारू लागले. आज येताना बसमध्ये तुमच्या शेजारी कोण होते? बहिणीने शेजारणीकडे बोट केले. बसमध्ये काय झाले? तिने दाखवले: एक जाड माणूस, डोळे मिटलेले, मान हळूहळू शेजारणीच्या खांद्यावर, आणि शेजारणीचे कोपर. कचेरीतला शिपाई हसला. शेजारीण म्हणाली, “हाव साहेब, अस्संच झालं. मेला घोरत बी होता.”

मग अधिकाऱ्यांनी बांधीचा फोटो पुढे ठेवला. ही कोणाची? बहिणीने तळहात छातीवर आपटला. आवाज झाला.

पुतण्याकडे हात करून त्यांनी विचारले, याला द्यायची आहे काय? ती नाही म्हणाली. आमच्या घरातल्या ‘पुरे’च्या खुणेने नव्हे. तिने दोन्ही हात एकमेकांवर झटकले, चिखल झटकावा तसे.

“मंग पातळ काहून नेसली?” पुतण्या ओरडला. “साहेब, विचारा तिले. पातळ नेसली म्हंजे सोडलं. गावात कोणालेही विचारा!”

अधिकारी त्याच भागातले असावेत. त्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी पातळाकडे बोट करायला सांगितले. प्रश्न गेला. बहिणीने पदर हातात घेतला, जरीचा काठ त्यांच्या टेबलावर पसरून दाखवला. पुतण्याकडे बोट केले: याने दिले. काठावरून हात फिरवला: चांगले आहे. मग पुन्हा फोटोवर बोट ठेवले आणि तळहात छातीवर आपटला.

तिच्या लेखी पातळ हे पातळ होते. नवे कपडे घालून मोठ्या ठिकाणी जायचे, म्हणून ती नेसली होती. हक्क सोडण्याच्या रीतीचा अर्थ तिला कोणी कधी दाखवला नव्हता, आणि आम्ही सगळे तो तिच्या अंगावर वाचत आलो होतो.

“वा रे वा,” पुतण्या खाली बसत म्हणाला, “पातळ बी गेलं.”

मी उठून उभा राहिलो. मी अधिकाऱ्यांना म्हणालो की माझे म्हणणे सिद्ध झाले आहे, तिला समज आहे, आता जमिनीची व्यवस्था पूर्वीप्रमाणे माझ्याकडे राहावी. त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि दुभाषीला म्हणाले, “यांच्याबद्दलही विचारा.”

बहीण माझ्याकडे वळली. तिने पाठ ताठ केली, मान आखडली, हातात छत्री धरल्यासारखे केले. कचेरीत कोणाला ओळखायला वेळ लागला नाही. मग धुऱ्यावर उभे राहून बोट दाखवणारा माणूस तिने केला. पोत्यातून धान ओतले. ते खाली पडले. तिने ते वाकून उचलले, पाहिले, आणि तळहात उताणा केला. किती निघाले, हे तिने विचारले होते. ते मला कळले. दुभाषीनेही सांगितले. धान कमी दिले असे ती म्हणत नव्हती. ते मी कधी कमी दिले नाही. एकूण किती निघते आणि तिला किती मिळते हे तिला माहीत नव्हते, एवढेच ती म्हणत होती. शेवटी तिने दोन्ही हात झटकले. मघासारखेच.

दोन्ही अर्ज फेटाळले गेले. तिचे व्यवहार तिनेच करावेत, समजून घ्यायला मदत लागेल तेव्हा सोबत कोण हवे ते तिने निवडावे, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. तिने शेजारणीकडे बोट केले. शेजारीण दचकली. “मी? अवो, मले तर माही सही बी धड येत नाही!” वकीलबाई म्हणाल्या, “सही त्यांची आहे. तुम्ही फक्त काय लिहिलंय ते विचारून त्यांना दाखवायचं.” विचारणे शेजारणीला जमण्यासारखे होते.

परतीच्या बसमध्ये बहीण आणि शेजारीण पुढे बसल्या. पुतण्या माझ्या शेजारी येऊन बसला. वरठी मागे पडली. मग म्हणाला, “माह्या हातची गेली, तुमच्या बी हातची गेली. आता झाली का शांती, काकाजी?”

“तू सुरुवात केली.”

“अन तुमी का, पूजा करून राहिले होते?”



पुढच्या हंगामापासून बांधी शेजारणीने अर्ध्या वाट्याने केली. बहीण स्वतः चिखलात उतरते. मी ट्रॅक्टरवाला पाठवला होता; त्याला त्या दोघींनी परत पाठवले. तो माझ्याकडे येऊन कुरकुरला. मी त्याला चहा दिला आणि माझ्या बांधीत लावला.

काही महिन्यांनी वकीलबाईंचा फोन आला. अहवाल समितीपुढे गेला होता. त्यात एक परिच्छेद बहिणीविषयी होता, नाव-गाव नसलेला. बहिणीला तो शेजारणीच्या मदतीने दाखवून तिची संमती घेतली होती. माझी संमती लागत नव्हती. तरी तुम्हाला वाचून दाखवते, म्हणाल्या. मी ऐकले. तिच्या कुटुंबाने तिला आयुष्यात एकही प्रश्न विचारला नव्हता, असे एक वाक्य त्यात होते.

“हे अपुरे आहे,” मी म्हणालो. “त्या घरात कोणालाच विचारले जात नसे.”

“तुम्ही शिकलात, नोकरी केलीत, क्वार्टरात राहिलात. जमीन तुमच्या नावावर लागताना तुमच्यासाठी पालक नेमावा असं कोणाला सुचलं नाही.”

“वाक्य बदला.”

“नाही बदलणार.”

आम्ही दोघांनीही फोन ठेवला. त्यानंतर आमचे बोलणे झालेले नाही. त्या वाक्याबद्दल माझे मत अजून तेच आहे.

पुतण्याने मात्र बांधीचा नाद सोडला नाही. मिलवाला अजून वाट पाहतो आहे. अंगठ्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा बहिणीला पटवून देण्याखेरीज उपाय उरला नाही. त्यासाठी त्याला तिच्या खुणा शिकाव्या लागल्या. लोभापायी तो शिकला, आणि चांगला शिकला. संध्याकाळी समोरच्या अंगणात दोघे बसलेले मला ओसरीवरून दिसतात. तो हातांनी मिल उभी करून दाखवतो, ट्रक आणतो, नवी पक्की खोली बांधतो. ती पाहते. मध्येच तळहात उताणा करून काही विचारते; तो अडतो, डोके खाजवतो, पुन्हा समजावतो. ती नाही म्हणते. तो कपाळावर हात मारतो. तीही मारते, त्याची नक्कल म्हणून. मग तो चिडून उठतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसतो.

त्या घरात आता तिच्याशी भांडण होते. माझ्याशी ती भांडत नाही. मी अजून समोर जाऊन बसलेलो नाही.